डीमार्टचे ठिपके मोजायला बसलो, तर बिहार कोरा निघाला

नकाशाकुटे (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:४०

ऑफिसात डबा खाताना वाद झाला. एक सहकारी म्हणाला, "जिथे माणसं जास्त तिथे डीमार्ट. यात नकाशा काय बघायचाय?" मला ते पटलं नाही, पण उलट काही सांगताही येईना. तेव्हापासून दोन महिने, रात्री भांडी आवरून झाली की मी लॅपटॉप उघडून डीमार्ट मोजतोय. बायकोने विचारणं सोडून दिलंय.

साधनं सगळी फुकटातली. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा, २००४ पासून चालू आहे. 'भारतातली या नावाची दुकानं दे' असं त्याला विचारायला ओव्हरपास टर्बो नावाची साइट आहे. चार ओळी लिहिल्या की अक्षांश-रेखांशासकट यादी हातात पडते. ती क्यूजीआयएसमध्ये (नकाशे काढायचं फुकट सॉफ्टवेअर) उघडायची आणि खाली २०११ च्या जनगणनेचे जिल्हे अंथरायचे.

पहिल्या रात्री पुण्यातली सगळी दुकानं नॉर्वेच्या उत्तरेला बेरेंट्स समुद्रात जाऊन पडली. पुणे १८.५ उत्तर, ७३.८ पूर्व. फायलीत आधी रेखांश होता आणि मग अक्षांश, मी उलटं वाचलं. ७३.८ उत्तर, १८.५ पूर्व ही जागा बेअर आयलंडच्या जरा खाली येते. पांढऱ्या अस्वलांची महिन्याची वाणसामानाची सोय झाली.

ते निस्तरल्यावर जे दिसलं ते असं. मुंबई, ठाणे, पुणे हा पट्टा ठिपक्यांनी गच्च. मग गुजरात. मग हैदराबादच्या भोवती एक पुंजका, बंगळूरकडे एक. मध्य प्रदेश, राजस्थान, तमिळनाडू, पंजाब इथेही आहेत, पण विरळ. आणि बिहार, पश्चिम बंगाल, केरळ चक्क कोरे. मला वाटलं माझीच यादी अपुरी. पण कंपनी ज्या राज्यांची नावं देते त्यातही ही तिन्ही नाहीत (मार्च २०२५ पर्यंतचं बोलतोय).

आता बघा. २०११ मध्ये बिहारची लोकसंख्या १०.४ कोटी, बंगालची ९.१ कोटी. बिहारला खरेदीची ताकद कमी म्हणावं, तर केरळचं काय? तिथे पैसा आहे, आखाताकडून येतो, आणि गाव संपून शहर कुठे सुरू होतं तेही कळत नाही इतकी दाट वस्ती. म्हणजे 'माणसं जास्त तिथे डीमार्ट' हे गणित महाराष्ट्राबाहेर पडलं की मोडतं.

का मोडतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खोडसाळपंत

पहिला! पांढऱ्या अस्वलांना 'रोज कम दाम'. वाचनखूण साठवली.

बिंदुमती

धागा आवडला. पण निष्कर्षाआधी यादी धुवून घ्या, नाहीतर जे दिसतंय ते दुकानांचं चित्र नसून नकाशा काढणाऱ्यांच्या सवयींचं चित्र असेल. मी या कामात रोज असते म्हणून सांगते.

नावाचे घोळ आधी बघा. 'डीमार्ट', 'डी-मार्ट', 'डी मार्ट', इंग्रजीतले तीन प्रकार आणि एखादा 'न्यू डी मार्ट' ज्याचा या कंपनीशी काही संबंध नाही. नावावर न शोधता 'ब्रँड' या टॅगवर, म्हणजे नोंदीला जोडलेल्या माहितीच्या रकान्यावर, शोधा, आणि जिथे तो भरलेला नाही तिथे हाताने तपासा. डीमार्ट रेडीची पिक-अप केंद्रं वेगळी काढा. ऑनलाइन मागवलेलं सामान घ्यायचा एका गाळ्याचा काउंटर आणि चार मजली दुकान हे दोन सारखे ठिपके नव्हेत.

मग दुहेरी नोंदी. एकाने इमारतीची बाह्यरेषा काढून तिला नाव दिलेलं असतं, दुसऱ्याने मधोमध एक बिंदू टाकून त्यालाही नाव दिलेलं असतं. यादीत दोन दुकानं येतात. शंभर मीटरच्या आत एकाच नावाचे दोन ठिपके असतील तर एकच धरा.

ती शंभर मीटरची अट लावताना अंशात मोजू नका हं. आपल्याकडे पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरचा, अक्षांशाचा साधारण ११० चा. वर्तुळ काढलं की अंडं होतं. मुंबई-पुण्यासाठी यूटीएम ४३ उत्तर (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा पट्टा) घ्या. नागपूर ४४ मध्ये जातं, तेवढं लक्षात असू द्या.

एक शेवटचं, कारण यात मी स्वतः आपटले आहे. २०११ च्या जनगणनेतला ठाणे जिल्हा म्हणजे पालघरसकट ठाणे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. नव्या सीमांवर जुनी लोकसंख्या टाकलीत तर ठाण्याच्या डोक्यावर डहाणू-जव्हारची माणसं बसतात आणि पालघर रिकामा दिसतो.

नकाशाकुटे

बिंदुमतीताई, दंडवत! आज अख्खा रविवार यात गेला. दुहेरी नोंदी निघाल्या, त्यातलं एक दुकान तर तीनदा होतं: बाह्यरेषा, बिंदू, आणि कुणीतरी पार्किंगलाही तेच नाव दिलेलं. रेडीची केंद्रं काढल्यावर मुंबईचा गच्चपणा बराच उतरला. पालघरचा घोळ मीही केला होता, कबूल.

पण कोरे ते कोरेच राहिले. उलट आता पुंजके जास्त ठळक दिसतात. दोन पुंजक्यांच्या मध्ये मोठमोठी शहरं मोकळी सुटली आहेत.

भुसारवाला

मी मार्केट यार्डात बसतो, नकाशातलं मला कळत नाही. पण तुमच्या कोड्याचं उत्तर ठिपक्यांत शोधू नका, ट्रकमध्ये शोधा.

डाळ कशी येते सांगतो. लातूर-अकोल्याकडून तूरडाळ येते, ती अशीच्या अशी दुकानात जात नाही. आधी एका ठिकाणी उतरते, निवडली जाते, अर्धा-एक किलोच्या पिशव्यांत भरली जाते, मग तिथून दुकानांना जाते. डीमार्टची गोदामं वेगळी आणि भरणा करायची केंद्रं वेगळी आहेत, हे कंपनी स्वतःच अहवालात लिहिते. आता तुमचं दुकान गोदामापासून ४० किलोमीटरवर असेल तर गाडी दिवसात दोन फेऱ्या मारते. एका गाडीत दोन-तीन दुकानांचा माल निघतो, गाडी भरून जाते. दुकान ६०० किलोमीटरवर एकटंच असेल तर? अर्धी गाडी जाणार, रिकामी परत येणार, भाडं पूर्ण. हमाली-वाराई वेगळी. किलोमागे दोन रुपये स्वस्त विकणाऱ्याला हे परवडतच नाही. त्याचा सगळा धंदा त्या दोन रुपयांवर आहे.

म्हणून एक गोदाम, भोवती आठ-दहा-पंधरा दुकानं. मग पुढचं गोदाम. ते स्वतः याला 'क्लस्टर' म्हणतात. आम्ही 'टप्पा' म्हणतो.

अजून एक जुनी गोष्ट, तरुणांना ठाऊक नसेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी दुसऱ्या राज्यात माल विकला की २ टक्के केंद्रीय विक्रीकर. तो चुकवायला, म्हणजे कायदेशीरपणे टाळायला, कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतःचं गोदाम ठेवायच्या आणि माल 'आपल्याच गोदामात हलवला' म्हणून दाखवायच्या. त्यामुळे नवीन राज्यात शिरायचं म्हणजे एक दुकान टाकायचं असं नव्हतंच, आख्खं बिऱ्हाड मांडायचं. तुमचे पुंजके राज्याच्या हद्दीशी अडखळतात का बघा बरं.

शून्यप्रहर

भुसारवाला काका +१. इतका साधा खुलासा मी एमबीएच्या दोन वर्षांत ऐकला नव्हता.

पीचट्रीकर

अटलांटाहून लिहितोय. काकांनी सांगितलं तेच इथे वॉलमार्टने केलं. पहिलं दुकान १९६२ मध्ये आर्कान्सातल्या रॉजर्स गावात. तिथून ते बाहेर-बाहेर पसरत गेलं, तेलाचा डाग कागदावर पसरतो तसं. थॉमस होम्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने दुकानं उघडल्याच्या तारखा आणि जागा घेऊन २०११ मध्ये यावर मोठा लेख लिहिला. लांबच्या चांगल्या शहरात आधी उडी मारून, मधली जागा मागाहून भरायची, असं वॉलमार्टने केलं नाही. जवळजवळची दुकानं एकमेकांची गिऱ्हाइकं खातात हे माहीत असूनही ती जवळ ठेवली, कारण वाहतुकीत त्याहून जास्त वाचत होतं. सॅम वॉल्टन स्वतःच्या छोट्या विमानातून जागा बघत फिरायचा. तेव्हाचा उपग्रह नकाशा तोच.

दुसरं उदाहरण माझ्या घराशेजारचं, वॉफल हाऊस ही उपाहारगृहांची साखळी. १९५५ मध्ये इथल्याच अ‍ॅव्हनडेल इस्टेट्समध्ये सुरू झालं. आज १९०० च्या आसपास दुकानं, त्यातली चारशेहून जास्त एकट्या जॉर्जियात. नकाशा काढला तर अमेरिकेचा दक्षिण भाग आपोआप रंगतो. यातली गंमत अशी की ही दुकानं चोवीस तास चालू असतात, आणि चक्रीवादळानंतरही आधी उघडतात. म्हणून अमेरिकेच्या आपत्ती निवारण खात्याचे तेव्हाचे प्रमुख क्रेग फुगेट यांनी त्याचाच मापदंड केला: पूर्ण मेनू मिळतोय तर हिरवा, अर्धा मेनू तर पिवळा, दुकान बंद तर लाल. लाल म्हणजे तिथे आधी पोचा. ठिपके दाट असल्यामुळेच हे जमलं. अख्ख्या राज्यात चार दुकानं असती तर त्यातून काय कळणार होतं?

आडमुठा

सगळे ट्रकच्या मागे लागलात, जमिनीचं कुणी बोलत नाही.

डीमार्ट बहुतेक जागा विकत घेतं किंवा फार लांब मुदतीच्या कराराने घेतं. मॉलमध्ये भाड्याने गाळा घेणाऱ्या साखळ्यांचं तसं नसतं. म्हणजे हे ठिपके गिऱ्हाइकाचे नाहीत आणि ट्रकचेही नाहीत, ते जमिनीच्या व्यवहारांचे आहेत. ज्या शहरात ज्या वर्षी बऱ्या भावात, कागदपत्रं स्वच्छ असलेला मोठा तुकडा मिळाला, तिथे दुकान झालं. केरळात तो मिळणं अवघड, हे मी तिथे तीन वर्षं राहून सांगतो. पाच सेंट, दहा सेंट (सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग) अशी जमीन, प्रत्येक तुकड्यावर घर आणि चार नारळ.

आणि कोंबडी आधी की अंडं? गोदाम होतं म्हणून दुकानं आली, की दुकानं जमली म्हणून गोदाम बांधलं? तुमच्या नकाशातून हे कळत नाही, नकाशाकुटे. तो आजचा फोटो आहे.

नकाशाकुटे

आडमुठेराव, हे मान्य. तारखा हव्यात, आणि इथेच मी दोन दिवस वाया घालवले. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक नोंद कधी टाकली ती तारीख मिळते, मी तीच दुकान उघडल्याची तारीख धरली. छान चित्रफीत तयार झाली, वर्षागणिक ठिपके उगवताना. मग लक्षात आलं की पवईचं, म्हणजे २००२ मध्ये सुरू झालेलं सगळ्यात पहिलं दुकान, माझ्या चित्रफितीत कितीतरी उशिरा उगवतंय. कोणीतरी उत्साही पोरगा ज्या सुट्टीत नकाशा काढायला बसला, त्या सुट्टीत अख्ख्या उपनगरात डीमार्ट 'उघडले' होते.

भरवशाचं जे आहे ते एकूण आकड्यांत. मार्च २०१७ मध्ये, शेअर बाजारात आले तेव्हा, १३१ दुकानं. मार्च २०२० ला २१४, मार्च २०२३ ला ३२४, मार्च २०२५ ला ४१५. आठ वर्षांत तिपटीहून जास्त, आणि तरी नवीन राज्यं मोजकीच. वाढ बरीचशी आतल्या आत झाली आहे. शिवाय दुकानही मोठं झालंय. २०१७ मध्ये सरासरी ३१ हजार चौरस फुटांच्या आसपास होतं, आता ४० हजारांच्या वर आहे. म्हणून सगळे ठिपके सारख्या आकाराचे काढणं ही माझी अजून एक चूक.

जमीन की ट्रक? मला आता वाटतं की ट्रक परीघ आखून देतो आणि जमीन त्या परिघात ठिपका कुठे पडेल ते ठरवते. बिहार परिघातच नाही. केरळचं म्हणाल तर कोइंबतूरच्या बाजूने ट्रक पोचेल, पण तुमचे चार नारळ आडवे येतात.

बिंदुमती

परीघ म्हणताय तर तो कंपासने काढू नका. उरण आणि शिवडी समोरासमोर आहेत, पण जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला होईपर्यंत गाडीला खाडीला वळसा घालूनच जावं लागायचं. पुणे-महाड नकाशावर बोटभर, मध्ये सह्याद्री. ओएसआरएम (रस्त्याने लागणारा वेळ काढणारं सॉफ्टवेअर) वापरून रस्त्याचा वेळ काढा आणि 'गोदामापासून तीन तास' असा आकार काढा. तो कधीच गोल येत नाही, महामार्गांच्या दिशेने त्याला हात फुटतात. तुमचे ठिपके त्या हातांवर बसले तर काकांचा मुद्दा सिद्ध.

टपरीवरचा

तुम्ही लोक उपग्रहातून बघताय, मी हेच काम टपरीवर बसून केलंय. काही वर्षांपूर्वी एका साखळीसाठी (नाव घेत नाही) जागा हेरायच्या कामावर होतो. आमचा लोकेशन डेटा म्हणजे गाड्यांचं पासिंग.

साताऱ्यात एका मोठ्या दुकानासमोर चहाच्या टपरीवर रविवारी सकाळी नऊला बसायचं. वहीला तीन रकाने: एमएच ११, एमएच ५०, बाकीचे. येणाऱ्या प्रत्येक गाडीला एक काडी, पाचवी काडी आडवी. ११ म्हणजे सातारा, ५० म्हणजे कराड. दुपारपर्यंत ५० च्या रकान्यात काड्यांची जुडी झाली की समजायचं, कराडची माणसं पन्नास किलोमीटर गाडी चालवून सामान न्यायला येतात. साहेबाला फोन: कराडात जागा बघा. तिसऱ्या रविवारी टपरीवाल्याला वाटलं मी आरटीओचा माणूस आहे. त्याने चहाचे पैसे घेणं बंद केलं. मीही खुलासा केला नाही.

पिशव्याही बघायच्या. दोन हातांत दोन पिशव्या म्हणजे जवळचा माणूस, आठवड्याचं सामान. डिकी भरून तेलाचे डबे म्हणजे लांबचा, महिन्याचं. दुकानाचा ठिपका सगळ्यांना दिसतो हो, गिऱ्हाईक कुठून येतं ते ठिपक्यात नसतं.

सावधराहाताई

टपरीवरचा, किस्सा भारी, पण तुमच्या काड्यांची आजची आवृत्ती भयंकर आहे. आता वही लागत नाही. फोनमधली फुकट अ‍ॅप्स आपण कुठे जातो ते टिपतात, आणि 'नाव काढून टाकलंय' असं म्हणत ती माहिती विकली जाते. रात्री फोन कुठे असतो आणि दिवसा कुठे असतो, या दोन बिंदूंवरून माणूस ओळखायला किती वेळ लागतो? २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवायच्या अ‍ॅपने लोकांच्या धावण्याच्या वाटांचा जागतिक नकाशा टाकला, त्यात कुणाचंही नाव नव्हतं. तरी वाळवंटातले लष्करी तळ उजळून दिसले, कारण तिथे धावणारे फक्त सैनिकच होते. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. पण नकाशाकुटेंना विनंती, दुकानांवरच थांबा, गिऱ्हाइकांच्या मागे लागू नका.

नकाशाकुटे

ताई, निर्धास्त राहा. दुकानाला खासगी आयुष्य नसतं म्हणून तर हा छंद निवडला. तसंही फोनवाल्या माहितीत आमचे काका-काकू सापडणार नाहीत, काकांचा फोन घरी चार्जिंगला असतो. महिन्याचं सामान मात्र तेच आणतात.

पन्हाळकरीण

मला तांत्रिक काही कळलं नाही, पण धाग्यावरून वारणा बझार आठवला. साखळी दुकान म्हणजे आमच्याकडे तेच. आजी एसटीने जायची, येताना पिशवीत साबण, रवा आणि माझ्यासाठी चुरमुऱ्याचा लाडू. त्याच्या शाखाही कोल्हापूर-सांगलीच्या मुलखातच. मुंबईत का नाही असं कधी कुणी विचारलं नाही. कारखाना, दूध संघ, बझार सगळं एकाच पंचक्रोशीतलं. त्याचा नकाशा कुणी काढलाय का?

शून्यप्रहर

अवांतर: डीमार्टच्या आधी त्याचे संस्थापक राधाकिशन दमाणींनी नेरुळला अपना बझारची फ्रँचायझी चालवली होती. म्हणजे या सगळ्या ठिपक्यांच्या मुळाशी गिरणगावातली एक सहकारी ग्राहक संस्था आहे म्हणा ना.

भुसारवाला

अपना बझारला माल दिलाय आम्ही. तो वेगळा धागा होईल.

खोडसाळपंत

काढाच काका, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

नकाशाकुटे

पन्हाळकरीण, वारणा बझारचं बघितलं. ओपनस्ट्रीटमॅपवर जवळपास काहीच नाही. तुम्ही गावांची नावं दिलीत तर मी टाकतो, पण खूण हवी. 'चावडीसमोर', 'दूध डेअरीला लागून' असं काहीही चालेल. नुसत्या पिनकोडवरून बिंदू शोधला तर संगणक तो पिनकोडच्या मधोमध टाकतो, मग उसाच्या फडात बझार निघतो. पोस्टाने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा पत्ता, पण गावात तो कुणाला विचारणार?

बाकी सगळ्यांना: यादी धुवून वर टाकली आहे. आपापल्या गावातला ठिपका तेवढा तपासा.

आडमुठा

तपासला. आमच्याकडचा ठिपका नाल्यात आहे.

नकाशाकुटे

नक्की नाल्यात की नाल्याच्या कडेला?

आडमुठा

आत्ता पिशवी घेऊन तिथेच उभा आहे. दुकान नाल्याच्या अलीकडे, गेट मागच्या गल्लीतून, रिक्षा स्टँडशेजारी. ट्रक मात्र पुढून येतात.

नकाशाकुटे

सरकवला. ट्रकचं गेटही वेगळं टाकू का?

भुसारवाला

टाका. तेच तर सांगत होतो.